काँगो-बोंगोच्या रियाजासाठी मेट्रोनोम कसा निवडावा: आधी क्लेव्ह, मग टिकटिक

काँगोवर (हाताने वाजवायचा उंच क्यूबन ढोल) तुंबाओ (त्याचा मूळ ठेका) बसवायला घेतला की बहुतेकजण फोनवर सापडेल तो मेट्रोनोम उतरवून घेतात, ४/४ लावतात आणि पहिल्या मात्रेवरच्या 'टिंग'ला धरून महिनोन्महिने वाजवतात. हात बसतो, वेगही वाढतो. मग एक दिवस कुणीतरी शेजारी उभं राहून क्लेव्ह वाजवायला लागतं आणि दोन आवर्तनांत सगळं कोसळतं. वाजवणाऱ्याची लय कच्ची नसते. त्याने चुकीच्या गोष्टीला धरून रियाज केलेला असतो.

आफ्रो-क्यूबन वादनात सगळे ज्याला धरून चालतात ते क्लेव्ह हे पाच आघातांचं विषम आवर्तन आहे. मात्रा मोजून देणारं साधन मात्राच मोजतं, आवर्तन ऐकवत नाही. तबलजी नुसत्या टिकटिकीवर कायदा मांडत बसत नाही, लेहरा लावून घेतो. इथेही तेच हवं. म्हणून साधन निवडताना पहिला प्रश्न 'किती बीपीएमपर्यंत (मिनिटाला किती ठोके) जातं' हा विचारूच नका. 'याच्यावर क्लेव्ह वाजते का आणि मला हवी तेव्हा ती गप्प करता येते का', हे विचारा.

पुढे सगळीकडे एका आवर्तनाची १६ घरं (समान भाग) धरली आहेत. पाय पडतो तो १, ५, ९ आणि १३ या घरांवर.

१. आधी कागदावर: तुम्ही काय वाजवणार आहात?

साधन पाहण्याआधी हे लिहून काढा. अर्धे चुकीचे पर्याय इथेच गळतात.

सोन, साल्सा: काँगोवर तुंबाओ, बोंगोवर मार्तिल्यो (त्याचा मूळ ठेका). सोन क्लेव्ह हवी. ३-२ दिशेने (आधी तीन आघातांची बाजू, मग दोनची) घरं १, ४, ७, ११, १३. २-३ दिशेने ३, ५, ९, १२, १५.

ग्वाग्वांको (रुम्ब्याचा एक प्रकार): रुम्बा क्लेव्ह. फरक एकाच आघाताचा आहे, तिसरा आघात सातव्या घरावरून आठव्यावर जातो: १, ४, ८, ११, १३. यांबू हा रुम्ब्याचा दुसरा प्रकार संथ असतो आणि त्यात बऱ्याचदा सोन क्लेव्हच वाजते.

कोलुंबिया (हाही रुम्ब्याचा प्रकार), बेंबे (धार्मिक समारंभातला ताल): इथे १६ नाही, १२ घरं. बेलचे आघात १, ३, ५, ६, ८, १०, १२ वर आणि पाय १, ४, ७, १० वर. ज्या साधनात मात्रेचे तीन भाग पाडता येत नाहीत ते इथे निरुपयोगी.

चाचाचा: क्लेव्हपेक्षा सरळ चालणारी घंटा आणि ग्विरो (खरडून वाजवायचं वाद्य) जास्त उपयोगी. फक्त चाचाचाच वाजवायचा असेल तर साधा मेट्रोनोमही बऱ्यापैकी पुरतो.

बाता ढोल शिकत असाल तर यंत्राचा शोध थोडा बाजूला ठेवा. तिन्ही ढोलांचा आपसातला संवाद कुठल्याही क्लिकवर कळत नाही. तिथे गुरू आणि दोन साथीदार लागतात.

> इशारा: ३-२ आणि २-३ या दोन वेगवेगळ्या क्लेव्ह नाहीत. आवर्तन एकच, गाण्याची ओळ कुठल्या बाजूला सुरू होते तेवढाच फरक. दोन्हींसाठी दोन वेगळी ॲप शोधत बसू नका.

२. 'वेग' म्हणजे नक्की कुठला वेग?

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. तीच क्लेव्ह दोन तऱ्हांनी लिहिली जाते. एका पद्धतीत आवर्तनात ८ लहान मात्रा मोजतात, दुसरीत पायाच्या ४ मोठ्या मात्रा. त्यामुळे एकाचं १८० म्हणजे दुसऱ्याचं ९०. व्हिडिओत शिक्षक 'शंभरवर वाजवा' म्हणतो, विद्यार्थी शंभर लावतो, आणि एकतर वेग अर्धा पडतो किंवा हात तुटायची वेळ येते.

यावर साधा उपाय आहे. बीपीएम सोडा आणि एका आवर्तनाला किती सेकंद लागतात ते मोजा.

- आवर्तनात ८ क्लिक पडत असतील तर ४८० भागिले बीपीएम.
- ४ क्लिक पडत असतील तर २४० भागिले बीपीएम.

१८० वर ८ क्लिक म्हणजे २.६७ सेकंद, ९० वर ४ क्लिक म्हणजेही २.६७ सेकंद. बहुतेक साल्सा लहान मात्रेने १६० ते २२० मध्ये असतो, म्हणजे आवर्तन साधारण ३ ते २.२ सेकंदांचं. नवशिक्याने ४.८ सेकंदांपासून (लहान मात्रा १००) सुरुवात करावी.

तपासा: स्टॉपवॉच लावून १० आवर्तनं मोजा. १८० वर २६.७ सेकंदांच्या आसपास यायला हवीत. ५३ आली तर तुम्ही दुसऱ्या पद्धतीचा आकडा लावला आहे.

३. कोणतं साधन घ्यायचं?

*चावीचा लाकडी मेट्रोनोम.* दिसायला देखणा, इथे फारसा कामाचा नाही. वेग ४० ते २०८, आवाज एकच. पुढे सहाव्या भागात आवर्तनाला एकच क्लिक लागणार आहे. ३ सेकंदांच्या आवर्तनाला ती मिनिटाला २० पडते. इतका खाली तो जातच नाही.

*इलेक्ट्रॉनिक डबा.* बॉसच्या डीबी-९० सारख्या यंत्रात ॲक्सेंट (पहिल्या मात्रेवरचा जोरदार ठोका), मात्रा, अर्धी मात्रा, तिगुण यांचे आवाज वेगवेगळ्या सरकपट्ट्यांनी कमीजास्त करता येतात. हे खरोखर उपयोगी, कारण पहिल्या मात्रेचा ठोका पूर्ण खाली आणता येतो. गोंगाटात, फोनशिवाय वाजवणाऱ्यांना डबा बरा. पण केवळ घरच्या रियाजासाठी सुरुवातीलाच एवढा खर्च करू नये असं माझं मत.

*फोनवरचं साधं ॲप.* घेण्याआधी चार गोष्टी पाहा: ॲक्सेंट बंद होतो का, मात्रेचे तीन आणि चार भाग पडतात का, २० बीपीएमपर्यंत खाली जातं का, आणि ठरावीक किंवा अचानक मात्रा गाळता येतात का. टाइम गुरू हे ॲप मात्रा अचानक गाळण्यासाठीच ओळखलं जातं. चौथी गोष्ट नसेल तर ॲप फुकट असलं तरी महाग पडतं.

*घरं भरायचं ड्रम मशीन.* माझी पहिली पसंती हीच. कॉम्प्युटरवर हायड्रोजन हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसं आहे. फोनवरही १६ घरांची ड्रम मशीन भरपूर मिळतात. क्लेव्ह स्वतः भरावी लागते हा त्याचा तोटा नाही, फायदा आहे.

*तयार साल्सा लूप.* पियानो, बास, घंटा सगळं वाजत असतं, मजा येते. पण त्या गर्दीत स्वतःची चूक ऐकू येत नाही. आठवड्यातून एकदा, चव बदलायला.

*तालमाला, तबला ॲप.* आपल्याकडे अनेकांच्या घरी हे आधीच असतं आणि आठ मात्रांचा केरवा लावून तुंबाओ वाजवायचा मोह होतो. करू नका. केरव्याचं वजन समेवर येतं, तुंबाओचं वजन शेवटच्या दोन ओपनवर (मोकळ्या, घुमणाऱ्या आघातांवर). ऑर्केस्ट्रात काँगोवर केरवा वाजवणाऱ्यांना हे जास्त जड जातं, कारण हात आपोआप समेकडे धावतो.

*मनगटावर थरथरणारा मेट्रोनोम.* साउंडब्रेनर पल्ससारखा. कल्पना चांगली, पण हाताने वाजवायच्या वाद्यात मनगटाला स्वतःचेच धक्के बसत असतात. वापरायचाच तर दंडावर किंवा पायाच्या घोट्यावर बांधा.

४. क्लेव्ह स्वतः भरा

हायड्रोजनवरचा क्रम देतो. दुसऱ्या कुठल्याही ड्रम मशीनवर थोड्या फरकाने हेच.

१) नवा पॅटर्न घ्या, लांबी ४/४, रिझोल्यूशन १६. आता १६ घरं दिसतील.

२) किटमधला लाकडी, कोरडा आवाज निवडा आणि १, ४, ७, ११, १३ ही घरं भरा.

३) दुसऱ्या ओळीत काऊबेल किंवा हाय-हॅटचा आवाज १, ५, ९, १३ वर भरा. हा पाय. त्याचा आवाज क्लेव्हच्या निम्म्याहून कमी ठेवा.

४) तिसऱ्या ओळीत फक्त पहिल्या घरावर एक खालचा, बोदा आवाज, अगदी हळू. आवर्तन कुठे सुरू होतं ही खूण. पहिल्या काही दिवसांनंतर ती काढून टाकायची.

५) दुसरा पॅटर्न रिकामाच ठेवा. गप्प राहण्यासाठी हाच लागणार आहे.

६) साँग एडिटरमध्ये चार वेळा पहिला पॅटर्न, चार वेळा रिकामा, असं मांडून वेगळ्या नावाने साठवा.

७) १२ घरांसाठी लांबी ४/४ तशीच ठेवून रिझोल्यूशन ८टी करा. बेल १, ३, ५, ६, ८, १०, १२ वर, पाय १, ४, ७, १० वर.

लक्षात घ्या, या मांडणीत बीपीएमचा आकडा पायाचा आहे. म्हणजे ९० लावलं की लहान मात्रेने १८०.

२-३ साठी पॅटर्न पुन्हा भरत बसू नका. चालू क्लेव्हमध्ये नवव्या घराला 'एक' म्हणून आत शिरायची सवय करा. गाण्यात तसंच करावं लागतं.

> इशारा: फोनवर नेण्यासाठी आवर्तन निर्यात करून लूपवर टाकणार असाल तर वेव्ह फाइल करा. एमपी३ करताना फाइलच्या सुरुवातीला आणि शेवटी थोडी शांतता चिकटते. एकदा ऐकताना जाणवत नाही, पण लूपमध्ये प्रत्येक आवर्तनाच्या सांध्यावर लय अडखळते. मग आपणच चुकतोय असं वाटून माणूस हैराण होतो.

५. वाजवण्याआधीची तपासणी

ढोलाला हात लावण्याआधी भरलेलं आवर्तन बरोबर आहे ना, ते पाहा. तुंबाओचे आठ हात असे: हील, टो, स्लॅप, टो, हील, टो, ओपन, ओपन (हील म्हणजे तळहाताची मागची बाजू, टो म्हणजे बोटांची टोकं, स्लॅप म्हणजे कोरडी चापट). एका क्लेव्हमध्ये हे दोनदा बसतात. साधन चालू करून हे बोल तोंडाने म्हणा आणि कोण कुणावर पडतं ते ऐका.

- तीनच्या बाजूला क्लेव्हचा तिसरा आघात *पहिल्या ओपनवर* पडला पाहिजे (घर ७).
- दोनच्या बाजूला पहिला आघात *स्लॅपवर* पडला पाहिजे (घर ११).
- रुम्बा क्लेव्ह असेल तर तिसरा आघात *दुसऱ्या ओपनवर* (घर ८).
- पायाशी क्लेव्ह फक्त दोनदा जुळते, १ वर आणि १३ वर.

दोनच्या बाजूचा पहिला आघात स्लॅपच्या ऐवजी तुमच्या हीलवर येत असेल तर तुम्ही दोन घरं सरकून सुरुवात केली आहे. थांबा, पुन्हा धरा. 'चालता चालता जुळेल' म्हणून पुढे जाऊ नका, चुकीचं जुळलेलं सोडवायला फार वेळ जातो.

बाजू उलटी पकडली गेली तर मात्र तुंबाओत पटकन कळत नाही, कारण आठ हातांचा तुंबाओ दोन्ही अर्ध्यांत सारखाच असतो. म्हणून पहिल्या घरावरची ती बोदी खूण.

आवाजाची मांडणी:

फोन काँगोच्या तोंडावर किंवा खुंट्यांना टेकवून ठेवू नका. कानाच्या उंचीवर, फूटभर लांब, स्टँडवर ठेवा. स्लॅपचा आवाज कोरडा, चिरणारा असतो आणि तसलाच लाकडी क्लिक त्यात बुडून जातो. ऐकू येत नसेल तर व्हॉल्यूम वाढवण्याआधी आवाजाची जात बदला. किंचित घुमणारी घंटा बऱ्याचदा त्यातून पार येते. इयरफोन एकाच कानात घाला. दोन्ही कानांत क्लिक भरून वर स्लॅप मारत बसलं की आवाज नकळत वाढवत नेला जातो, आणि कान गेले की परत येत नाहीत. फ्लॅटमध्ये राहत असाल तर तोंडावर दुहेरी टॉवेल टाका, क्लिकही खालीच राहील.

फोन विमान मोडवर टाका, बॅटरी सेव्हर बंद करा. काही फोनवर स्क्रीन काळी झाली की ॲप दमतं.

ब्लूटूथबद्दल गैरसमज बरेच आहेत. ब्लूटूथने आवाज दीड-दोनशे मिलिसेकंद सहज मागे पडतो. तुम्ही एकटे, फक्त ऐकून वाजवत असाल तर याने काही बिघडत नाही. उशीर सगळ्या ठोक्यांना सारखाच असतो. बिघडतं ते तीन ठिकाणी: स्क्रीनवरचा चमकणारा दिवा पाहून वाजवताना, दोघांपैकी एक ब्लूटूथवर आणि दुसरा स्पीकरवर ऐकताना, आणि आतला क्लिक व माइकवरचं वादन एकत्र करणाऱ्या ॲपवर रेकॉर्ड करताना. लहान मात्रा १८० असताना एक घर १६७ मिलिसेकंदांचं असतं. म्हणजे रेकॉर्डिंगमध्ये तुमचा स्लॅप जवळजवळ एक अख्खं घर उशिरा दिसेल आणि तुम्ही तासभर नसलेली चूक शोधत बसाल. रेकॉर्ड करायचं तर वायर लावा.

६. रियाजाचा क्रम

इथली अदलाबदल सगळ्यात महागात पडते. हात शेवटी येतात.

*पहिला टप्पा, पाय.* साधन चालू. फक्त १, ५, ९, १३ वर पावलं, उभं राहून, डावं-उजवं. क्लेव्ह ऐकत राहा, काही वाजवू नका. पाय क्लेव्हच्या आघातांमागे धावायला लागले तर वेग कमी करा.

*दुसरा टप्पा, टाळी.* पाय चालू ठेवून क्लेव्ह टाळीने वाजवा. मग साधनावरची क्लेव्ह बंद करा, फक्त पायाचा ठोका राहू द्या. क्लेव्ह आता तुमची.

*तिसरा टप्पा, बोल.* पाय पायाने, क्लेव्ह टाळीने आणि तुंबाओचे बोल तोंडाने. बहुतेकजण हा टप्पा गाळतात, आणि अडतातही नेमके इथलंच न जमल्याने.

*चौथा टप्पा, हात.* साधनावर पूर्ण क्लेव्ह परत लावा आणि आता वाजवा. ४.८ सेकंदांचं आवर्तन, न थांबता पाच मिनिटं. स्लॅप लागत नाही म्हणून वेग वाढवायचा नाही. वेगात स्लॅप लागल्यासारखा वाटतो, लागलेला नसतो.

*पाचवा टप्पा, क्लिक काढत जाणं.* क्रम असा:

१) क्लेव्ह आणि पाय दोन्ही
२) फक्त क्लेव्ह
३) फक्त ३, ७, ११, १५ या घरांवर क्लिक
४) आवर्तनाला एकच क्लिक
५) चार आवर्तनं क्लेव्ह, चार आवर्तनं शांतता

तिसरी पायरी साध्या मेट्रोनोमवरही होते. आवर्तनाला चार क्लिक लावा आणि त्यांना पाय न मानता स्लॅप आणि पहिला ओपन माना. सुरुवातीला दोन-चार आवर्तनांत कान पुन्हा क्लिकला 'एक' मानायला लागतो. पाय चालू ठेवला तर तसं होत नाही.

तपासा: पाचव्या पायरीत शांततेनंतर क्लेव्ह परत येते तेव्हा तुम्ही कुठे आहात? क्लेव्ह तुमच्यामागून आली तर लय चढली. बहुतेकांची ती दोन ओपनच्या मध्ये चढते. दुसरा ओपन घाईने पडतो आणि पुढचा हील आधीच येतो. त्यावर उपाय: दुसऱ्या ओपननंतरचा हील मुद्दाम सावकाश, पंजाचं पूर्ण वजन टाकून वाजवा. क्लेव्ह तुमच्या आधी आली तर लय पडली, आणि तेव्हा बहुधा हील-टो आळशी झालेले असतात.

चार शांत आवर्तनांनंतर सलग तीन वेळा बरोबर उतरलात की लहान मात्रेने ४-५ ने वाढवा. एकदम १० किंवा २० ने नाही.

> इशारा: ॲपमध्ये 'दर अमुक मात्रांनी वेग आपोआप वाढवा' ही सोय असते. तुंबाओच्या सुरुवातीच्या रियाजात ती बंद ठेवा. हात वेगामागे धावतो आणि हील-टोचं झुलणं पहिल्यांदा जातं.

७. यंत्र कुठे कमी पडतं

सोन आणि साल्सात यंत्रावरची क्लेव्ह बरीच लांब साथ देते. रुम्ब्यात तेवढी नाही. ग्वाग्वांकोतली क्लेव्ह १६ घरांवर काटेकोर बसत नाही आणि १२ घरांवरही नाही. ती दोन्हींच्या मध्ये कुठेतरी झुलते आणि वाजवणाऱ्यागणिक बदलते. ड्रम मशीनमधल्या 'स्विंग'च्या बटणाने हे येत नाही. ते बटण ठरावीक घरं सारखीच मागे ढकलतं.

म्हणून रुम्बा शिकणाऱ्यांनी आठवं घर यंत्रावर ओळखायचं आणि लगेच ध्वनिमुद्रणांकडे वळायचं. १९५२ मध्ये क्यूबातल्या मातांसास शहरात सुरू झालेला लॉस मुन्येकितोस दे मातांसास हा गट किंवा हवानाचा योरुबा आंदाबो ऐका. यूट्यूबवर वेग ०.७५ करून आधी फक्त क्लेव्ह शोधा आणि तिच्यावर टाळी द्या, मग सालिदोर (खालच्या सुराचा ढोल) आणि त्रेस-दोस (मधल्या सुराचा) वेगळे काढा. किंतोच्या (सगळ्यात उंच सुराचा ढोल) मागे लगेच लागू नका. तो वरून बोलत असतो आणि नवख्या कानाला सगळ्यात जास्त फसवतोही तोच.

अशा ध्वनिमुद्रणावर मेट्रोनोम लावून 'यांची लय चढते' असं शोधून काढणारेही भेटतात. चढतेच. गाणारे, वाजवणारे आणि नाचणारे मिळून ती चढवतात. रियाजात लय धरायला शिकायचं, ते असं सगळ्यांबरोबर चढवताना एकटं पुढे पळू नये म्हणून.

आणि दोघं-तिघं जमून वाजवत असाल तर यंत्र बंद करून एकाच्या हातात क्लेव्हच्या काठ्या द्या. आळीपाळीने, दर दहा मिनिटांनी. ज्याला काठ्या नकोशा वाटतात, त्याला त्या सगळ्यात आधी द्या. काठ्या नसतील तर लाटणं आणि पोळपाटाची कडही चालते, फक्त घरच्यांना विचारून.